गुहागरचा किनारा आणि अकरा पेनं

भाऊजी निवृत्त झाले तेव्हा ऑफिसने त्यांना एक शाल, एक नारळ आणि सोनेरी रंगाचं एक जाडजूड बॉलपेन दिलं. छत्तीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून केसाइतक्या बारीक रेघा काढलेल्या माणसाला जाताना काय द्यावं हे ठरवायला कमिटी नेमली होती, असं मला नंतर कळलं. साहेबांनी भाषणात त्यांना जिल्ह्याच्या विकासाचे शिल्पकार म्हटलं. घरी येताना भाऊजी मला म्हणाले, "मी नकाशे काढत होतो रे. विकास कुणी दुसऱ्याने केला असेल."

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला माझ्यापासून दोन दगडी गडगे ओलांडून. मी तेव्हा रत्नागिरीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि एकटा राहत होतो. माझ्या घरात अंडं शिजतं ही गोष्ट आमच्या सगळ्या नातलगांना ठाऊक होती आणि त्याबद्दल कुणीच बोलत नसे. आमच्यात एखादी गोष्ट चालत नाही याचा अर्थ तिच्याबद्दल बोलणं चालत नाही, एवढाच असतो.

निवृत्तीला वर्ष झालं नाही तोच भाऊजींचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाची बशी वाजायची, मग सही बदलली, मग बँकेने ती सही नाकारली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि थोडं कमी होईल म्हणून सांगितलं. त्यातला ‘थोडं’ हा शब्द त्यांनी जरा सावकाश उच्चारला. ताईने डॉक्टरांवर विसंबून न राहता एका वैद्यांना विचारून गडग्यावरचा निर्गुडीचा पाला आणला, खोबरेल तेलात कढवला आणि रोज सकाळी आंघोळीनंतर भाऊजींचा हात खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत चोळायला सुरुवात केली. त्यांच्या घरात शिरलं की आधी त्या तेलाचा वास यायचा.

हात थरथरतो याची भाऊजींनी कुरकूर केली नाही. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. आमच्या आळीत कुठल्याही मुलीचं लग्न ठरलं की रुखवतासाठी भाऊजी एक छोटा नकाशा काढून द्यायचे. रुखवत म्हणजे कन्येकडच्यांच्या हातात किती कला आहे हे वराकडच्यांना टेबलावर मांडून दाखवणं. साखरेचं तुळशीवृंदावन, सुपाऱ्यांची बैलगाडी, थर्माकोलचं देऊळ, आणि हे सगळं मुलीने स्वतः केलंय अशी एक चिठ्ठी, जी बहुधा मावशीने लिहिलेली असते. त्या पसाऱ्यात भाऊजींचं पोस्टकार्डाएवढं कार्ड असायचं. त्यावर मुलीचं माहेरगाव काळ्या शाईत काढलेलं, वाटा, विहिरी, पाणंद सगळं. साखरेच्या वृंदावनाला मुंग्या लागायच्या. नकाशे मात्र मुली सासरी नेऊन भिंतीवर लावायच्या.

आणि आता वैशाखात त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं होतं, तर भाऊजींना सरळ रेघ काढता येत नव्हती.

भाची माझी जरा वेगळी होती. तिने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि बाजारातल्या एका दुकानात ती कॉम्प्युटर आणि प्रिंटर दुरुस्त करायची. सायबर कॅफेत बसून तिने परदेशातल्या कुणा हौशी माणसाच्या यंत्राचं चित्र पाहिलं. अंडं आडवं धरून गोल फिरवायचं, वरून पेन टेकवायचं, म्हणजे अंड्यावर चित्र निघतं. एका रविवारी ती एक मोडका डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पोटाशी धरून माझ्या पडवीत आली.

"मामा, तुझ्या पडवीत एक यंत्र करते."

"तुमच्या पडवीत काय झालं?"

"अंडी लागणार आहेत."

मग तिने सांगितलं. सपाट कागदावर काढायचं तर मोठी चौकट लागते, सरकती दांडी लागते. अंड्याला दोनच मोटारी पुरतात. आणि या प्रिंटरमध्ये नेमक्या दोन होत्या, एक कागद सरकवणारी आणि एक शाईचं डोकं हलवणारी. "बाबांची रेघ परत काढायचीय," ती म्हणाली. "रुखवतासाठी."

यंत्र करायला तिला दोन महिने लागले. अंडं दोन्ही टोकांना धरायला तिने इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं लावली. काय काढायचं हा प्रश्नच आला नाही. भाऊजींचं मूळ गाव गुहागरचं. त्यांच्याकडे त्या किनाऱ्याचं एक जुनं ट्रेसिंग होतं, नकाशांसाठी वापरत त्या निळसर मेणकट कापडावर त्यांनी ऐन उमेदीत काढलेलं. साहेबांनी ऐन वेळी स्केल बदललं म्हणून ते बाद झालं आणि घरी आलं. दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी अंजनवेलपासून सुरू होऊन गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी करत जयगडच्या खाडीपर्यंत. एकच सलग रेघ होती, मध्ये पेन उचलायला नको. भाचीने ट्रेसिंगखाली आलेखाचा कागद ठेवला. भाऊजींनी एकेका बिंदूचे आकडे वाचायचे आणि तिने टाइप करायचे. शेकडो बिंदू झाले. चार संध्याकाळी बापलेकींचं हे पाढे म्हटल्यासारखं चाललं होतं आणि मी वह्या तपासत ऐकत होतो.

"हे यंत्र काढणार," भाऊजी शेवटी म्हणाले. "मी काढलं असं मी सांगणार नाही हां."

"नका सांगू," भाची म्हणाली. "पेन तरी निवडून द्या."

तिथून सगळं सुरू झालं.

पेन निवडणं ही भाऊजींच्या दृष्टीने सोयरीक जुळवण्यापेक्षा गंभीर बाब होती. जावई त्यांनी एका भेटीत पसंत केला होता. पेनांना त्यांनी सात आठवडे घेतले. रेघ शून्य पॉइंट दोन मिलिमीटरची हवी. त्याहून जाड झाली तर गुहागरची चौपाटी डांबरी रस्त्यासारखी दिसते, त्याहून बारीक झाली तर लग्नाच्या हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली दिसतच नाही. मला त्यांनी वही घेऊन बसवलं, कारण त्यांचं अक्षर त्यांनाच बघवत नव्हतं. ते सांगतील ते मी लिहायचं.

पहिलं पेन अर्थातच सत्काराचं सोनेरी बॉलपेन. भाचीला ते लावून बघायचंच होतं. बॉलपेनला दाब लागतो, आणि त्या पेनचं वजन त्याच्या मानाला शोभेल एवढं होतं. अंडं अंजनवेलपाशीच फुटलं. "लिही," भाऊजी म्हणाले, "पेन एक. भारदस्त. उपयोग नाही."

दुसरं शाईचं पेन. शाई थेंबाने उतरली आणि अंड्याच्या पोटावरून घरंगळली. तिसरं स्केचपेन. "रेघ फुगते. स्वभाव सैल." चौथं त्यांचंच नळीच्या टोकाचं जुनं ड्रॉइंग पेन, तीन दिवस कोमट पाण्यात भिजवून जागं केलेलं. त्याच्याकडून त्यांना फार आशा होती. पण त्याचं पोलादी टोक अंड्याचं कवच खरवडायचं आणि खरवडलेली पूड नळीत जाऊन अडकायची. "याची चूक नाही," ते म्हणाले, "हे कागदासाठी जन्मलं." मी तेही लिहिलं.

मग आम्ही बाजारात गेलो. स्टेशनरीच्या दुकानात पेन बघायला आलेला माणूस दुकानदाराच्या पॅडवर ‘श्री’ लिहून बघतो. भाऊजींनी शर्टाच्या खिशातून पोकळ अंडं काढून काउंटरवर ठेवलं.

दुकानदार थोडा वेळ बघत राहिला. "काका, ट्रायला कागद आहे की."

"कागदावर सगळीच पेनं चालतात," भाऊजी म्हणाले. "बारीक टोकाची जेवढी आहेत तेवढी काढा."

त्यांनी अंडं धरलं आणि मला रेघ मारायला सांगितलं. फायबरच्या टोकाची, टोकाभोवती बारीक पत्र्याची नळी असलेली, सीडीवर लिहायची, प्रोजेक्टरच्या प्लास्टिकवर लिहायची, जेलची, सगळी. गिऱ्हाइकं जमली. एक बाई म्हणाल्या, "आमच्याकडे अंड्याला कुणी इतकं विचारत नाही." आम्ही सात पेनं घेऊन परतलो. आता एकूण अकरा झाली.

इथे अंड्यांचंही सांगायला हवं. पांढरी अंडी मी आणायचो, दोन्ही टोकांना सुईने भोकं पाडून आतलं फुंकून काढायचो आणि कवच धुऊन, वाळवून ठेवायचो. आतल्याचं मी काय करत होतो हे ताईने कधी विचारलं नाही. त्या सात आठवड्यांत मी खाल्लेल्या ऑम्लेटांना मोजदाद नाही. यंत्रात अंडं बसवायचं काम मात्र भाऊजींचं. साठी ओलांडेपर्यंत त्यांनी अंड्याला हात लावला नव्हता. पहिल्यांदा त्यांनी ते अंगठा आणि दोन बोटांत असं धरलं, जसं पूर्वी शाईची बाटली धरत. आणि एक नवल झालं. हात थरथरत होता, पण अंडं धरलेली बोटं तेवढ्यापुरती शांत राहायची. फुटेल या धाकाने असेल. दोन बुचांच्या मध्ये अंडं अलगद बसवून ते हात मागे घ्यायचे आणि आमच्याकडे न बघता जरासे ताठ बसायचे. त्या हाताने करता येण्यासारखं हे एकच काम त्यांना उरलं होतं, आणि ते दुसऱ्या कुणी केलेलं त्यांना चालत नसे.

नवी पेनं चांगली चालायला लागली, आणि मग दगा द्यायला लागली. रेघ सुंदर यायची, मध्येच तुटायची, बोटभर कोरी जागा सोडून पुन्हा सुरू व्हायची. पेन पाचने पालशेत गाळलं. पेन सहाने वेळणेश्वर. पेन आठने हेदवीपासून पुढचा किनारा समुद्रात सोडला. "आज काय बुडालं?" असं मी शाळेतून आल्यावर विचारायचो आणि भाची गावाचं नाव सांगायची. भाऊजी शेरे देत होते: भरवसा नाही, चंचल, दमछाक होते. पेन दहाला तर ते पेन म्हणायलाच तयार नव्हते. लग्न तीन आठवड्यांवर आलं तेव्हा अकराच्या अकरा पेनं बाद होती.

"मग नको," भाऊजी म्हणाले. "रुखवतात एक वस्तू कमी. कुणाचं काही अडत नाही." त्यांनी ट्रेसिंग गुंडाळून नळीत घातलं.

त्याच सुमारास ताई लग्नाची आमंत्रणं करायला दोन दिवस गुहागरला गेली होती. भाचीने बापाला न जुमानता दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू केलं. भाऊजींनी नाराजीनेच अंडं बसवलं. पेन पाचच लावलं होतं. किनारा अंजनवेलहून निघाला तो जयगडला पोचेपर्यंत कुठे थांबला नाही. भाऊजी उठून उभे राहिले. "या पेनाला मी उगाच नावं ठेवली," ते म्हणाले. अंडं वाळतंय तोवर घरच्या मांजराने ते पडवीखाली ढकललं, ते वेगळं.

तिसऱ्या दिवशी ताई पहाटेच्या गाडीने परत आली. तेच पेन, तशीच अंडी. पालशेत पुन्हा गेलं.

मी विज्ञानाचा मास्तर. मला तरी शंका यायला हवी होती, ती तेव्हा आली. बाद अंडी मी उजेडात तिरपी धरून पाहिली. कोऱ्या जागा प्रत्येक अंड्यावर तशाच होत्या, एका बाजूला एक मोठी आणि तिच्या समोर दोन लहान. जिथे रेघ तुटली होती तिथे कवचाला मंद चकाकी होती. मी अंडं नाकाशी नेलं. निर्गुडी.

पेनं निर्दोष होती. भाऊजी सकाळी ताईकडून हात चोळून घ्यायचे आणि दहा वाजता माझ्या पडवीत येऊन अंडं बसवायचे.

हे त्यांना सांगायचं कसं? तुमच्या हातामुळेच बिघडतंय, हे वाक्य त्यांनी वर्षभर वेगवेगळ्या तोंडून ऐकलं होतं. बँकेच्या कारकुनाने तर ते काचेच्या खिडकीतून सांगितलं होतं. अंड्याला हात लावू नका म्हटलं तर उरलेलं एक काम गेलं. तेल लावू नका म्हटलं तर ताईचं वर्षभराचं कढवणं गेलं. मी दोन दिवस गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी भाचीला बाजूला घेऊन सांगितलं.

"मला माहितीय, मामा," ती म्हणाली. "आई परत आली त्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू थोरला आहेस ना?"

थोरलेपणाची आठवण लोकांना अशाच वेळी होते.

मी वाकडी वाट धरली. दुसऱ्या दिवशी भाऊजी आले, अंडं बसवलं, हेदवी बुडाली. मी वह्या तपासता तपासता, जणू सहज, विचारलं, "भाऊजी, तुमच्या ट्रेसिंग कापडावर शाई कधी धरायची नाही का?"

"कधीकधी नाही धरायची. नवीन पोरं यायची ना, वडे खाऊन तशीच बसायची बोर्डावर. हाताचं तेल कापडाला लागलं की शाई तिथे फुटणारच. मी एकेकाला उठवून हात धुवायला पाठवायचो. म्हणायचो, आधी हात पुसा, मग कापडावर खडूची पूड चोळा, मग पेन उघडा, शाई कुणाच्या बापाची..."

ते थांबले. समोरच्या अंड्याकडे पाहिलं. मग स्वतःचा उजवा हात वर करून उजेडात धरला. तो थरथरत होता आणि चकाकत होता. भाची उगीचच स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागली.

मग हळूहळू त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, मी खुर्चीवरून उठलोसुद्धा. ते हसत होते.

"छत्तीस वर्षं," ते म्हणाले, "पोरांना शिव्या घातल्या मी. आणि तुम्हा दोघांना हे कधीपासून माहीत आहे?"

"पाच दिवस," भाची म्हणाली.

"तुझ्या मामाचे भित्रेपणाचे धरून?"

"धरून."

"मेल्या," ते मला म्हणाले, "मास्तर ना तू? खडू काढ."

माझ्या प्रत्येक शर्टाच्या खिशात खडू असायचा. भाऊजींनी तो परातीत कुटला, पूड फडक्यातून गाळली, स्वतःच्या बोटांना चोळली आणि मग अंड्याला, सगळीकडून, हलक्या हाताने, जशी ताई त्यांच्या हाताला तेल चोळायची तशी. कापसाने जास्तीची पूड झटकली. अंडं बसवलं. पेन पाच.

पालशेत आलं. वेळणेश्वर आलं. हेदवीपाशी रेघ जराशी फिकी झाली आणि परत गडद झाली. जयगडची खाडी अंड्याला वळसा घालून दाभोळच्या खाडीच्या शेजारी येऊन थांबली.

भाऊजींनी मग वही मागवली आणि बाद पेनांची पुन्हा सुनावणी घेतली. एक ते चार यांची शिक्षा कायम राहिली. बाकीच्या सातांना एकेक अंडं मिळालं. सहावं सुटलं, नववं थोडक्यात हुकलं, दहावं खरोखरच वाईट निघालं, याचा त्यांना मनापासून आनंद झाला. निवड शेवटी पाचचीच झाली. वहीत त्याच्यापुढचा ‘भरवसा नाही’ हा शेरा मी खोडायला लागलो तर ते म्हणाले, "खोडू नको. खाली लिही: चौकशीअंती निर्दोष."

त्या संध्याकाळी त्यांनी ताईला सांगितलं की तेल उद्यापासून रात्री जेवणानंतर लावू.

"का? वैद्य सकाळचं म्हणाले होते."

"सकाळी मला काम असतं," भाऊजी म्हणाले.

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. निवृत्तीनंतर हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं. मग ती तेलाची वाटी आत घेऊन गेली.

तिची हरकत निराळ्या ठिकाणी होती. "रुखवतात अंडं? त्यांच्याकडची माणसं काय म्हणतील?"

"देवघरात शंख आहे ना आपल्या," भाऊजी म्हणाले. "तो काय झाडाला लागतो?"

ताई दोन दिवस विचारात होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ठेवा. पण साखरेच्या वृंदावनाला चिकटून नको."

म्हणून ते वृंदावनापासून चार बोटं दूर, एका उलट्या चांदीच्या वाटीवर उभं राहिलं. हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली रेघ दिसत होती. शून्य पॉइंट दोन बरोबर होतं. वराकडची मंडळी थर्माकोलच्या देवळापाशी खूप वेळ रेंगाळली, कारण त्यात दिवे लागत होते. मग वराची आत्या या टोकाला आली, वाकली, चष्मा काढून पुन्हा घातला.

"हे काय, खऱ्या अंड्यावर? केवढी नाजूक रेघ आहे. कुणी काढलं?"

भाची माझ्याकडे बघायला लागली. मी भाऊजींकडे. त्यांचा उजवा हात नव्या धोतराच्या निऱ्यांपाशी थरथरत होता. त्यांनी तो लपवला नाही.

"मी काढलं," ते म्हणाले. "पेन तेवढं यंत्राने धरलं होतं."

आत्याबाईंनी मान डोलावली, जशी माणसं यंत्राचं न कळलेलं ऐकून डोलावतात, आणि पुढचा प्रश्न खालच्या आवाजात विचारला. "आणि आतलं काय केलंत?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. "आमच्या भावाला विचारा," ती म्हणाली. वीस वर्षांत तिने त्या विषयावर उच्चारलेलं ते पहिलं वाक्य.